कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं काय करायचं: शब्दापासून प्रमाणपत्रापर्यंत

माझ्या टेबलावर एक डिजिटल थर्मामीटर असतो. त्याच्या पाठीवर हिरवं लेबल चिकटवलेलं आहे: ‘कॅलिब्रेटेड’, आणि खाली तारीख. हा थर्मामीटर बर्फाच्या लगद्यात बुडवला की शून्य न दाखवता ०.३ अंश दाखवतो. नवीन आलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, “याचं कॅलिब्रेशन झालंय ना? मग हा चुकीचं कसं दाखवतो?”

त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. कॅलिब्रेशन झालंय म्हणूनच तर तो ०.३ ने जास्त दाखवतो हे आपल्याला ठाऊक आहे.

सगळा घोळ या शब्दाच्या अर्थाचा आहे. कॅलिब्रेशन म्हणजे ‘उपकरण बरोबर करून घेणं’ असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गंमत अशी की आपल्या ‘काढणे’ या क्रियापदातही हाच गोंधळ दडलेला आहे. कपड्यावरचा डाग काढला की तो जातो. मास्तरांनी वहीतली चूक काढली की ती जात नाही, तिच्याभोवती लाल गोल पडतो. कॅलिब्रेशन चूक काढतं ते मास्तरांसारखं. पुढे ती खोडायची, की लक्षात ठेवून काम चालवायचं, हा वेगळा निर्णय.

भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असेल, तर त्या घड्याळावर कुणाचीही गाडी चुकत नाही. ‘सात मिनिटं पुढे आहे’ हे रेडिओच्या वेळेशी ताडून समजून घेणं झालं कॅलिब्रेशन. स्टुलावर चढून काटे फिरवणं, म्हणजे आपण ज्याला घड्याळ लावणं म्हणतो, ते झालं समायोजन. पहिलं केल्याशिवाय दुसरं करता येत नाही. दुसरं न करता पहिल्यावर मात्र वर्षानुवर्षं निभतं.

शब्दांचा गुंता

मापनशास्त्रात शब्दांचे अर्थ ठरवून देणारा एक आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रह आहे, व्हीआयएम या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत कॅलिब्रेशनचे दोन टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात, ठरावीक परिस्थितीत, प्रमाणाची, म्हणजे ज्याच्याशी ताडायचं त्याची, किंमत आणि उपकरणाने दाखवलेला आकडा यांचं नातं शोधायचं, तेही अनिश्चिततेसह, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगून. दुसऱ्यात, त्या नात्याचा वापर करून उपकरणाच्या आकड्यावरून खरं माप कसं काढायचं ते ठरवायचं. यात स्क्रू फिरवण्याचा उल्लेख कुठेही नाही. उलट, याची गल्लत समायोजनाशी करू नका, अशी टीप तिथेच जोडलेली आहे. इतक्या लोकांनी ती गल्लत केल्याशिवाय टीप लिहायची वेळ आली नसणार.

मराठीत या शब्दासाठी अंशशोधन, अंशांकन असे पर्याय लिहिले जातात. मला अंशशोधन जास्त पटतो, कारण त्यात ‘शोधणं’ आहे. अंशांकनातून अंश कोरल्याचा, म्हणजे कोऱ्या नळीवर खुणा पाडल्याचा भास होतो. तोही या शब्दाचा एक जुना अर्थ आहेच, पण रोजच्या कामातला नाही. बोलताना मात्र सगळे कॅलिब्रेशनच म्हणतात. या लेखातही तेच म्हणू.

मूळ शब्द ‘कॅलिबर’, म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास. तो फ्रेंच-इटालियन वाटेने आला आणि त्याच्या मुळाशी साचा या अर्थाचा अरबी ‘कालिब’ असावा, असं बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. ‘मोठ्या कॅलिबरचा माणूस’ म्हणताना आपण नकळत त्याला तोफेच्या मापाने मोजत असतो.

आता याचे शेजारी शब्द. समायोजन, अर्थात अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे उपकरणाचा आकडा प्रमाणाच्या जवळ आणण्यासाठी त्यातच फेरफार करणं. शून्य लावणं हा त्याचाच सर्वांत साधा प्रकार. पडताळणी म्हणजे आलेली चूक ठरवून दिलेल्या मर्यादेत बसते की नाही, हे पाहून हो किंवा नाही सांगणं. व्यापारी काट्यावर शिक्का मारतात तो या पडताळणीचा. आणि दुरुस्ती हा शब्द तर सर्वांत फसवा. मापनशास्त्रात दुरुस्ती म्हणजे आकड्यात मिळवायची किंवा वजा करायची किंमत; बोलीत दुरुस्ती म्हणजे यंत्र उघडून नीट करणं. ‘थर्मामीटर दुरुस्तीसह वापरा’ असं लिहिलेलं वाचून कुणी तो दुकानात घेऊन गेला तर त्याला हसू नये.

हात लावण्याआधी

तीन गोष्टी कागदावर हव्यात.

पहिली, उपकरण कोणत्या टप्प्यात वापरणार. थर्मामीटर −५० ते ३०० अंश मोजत असेल, पण तुमचं काम २० ते ८० मध्येच होत असेल, तर कॅलिब्रेशनचे बिंदू तिथेच घ्या. ज्या आकड्यांकडे आयुष्यात कधी बघायचं नाही तिथली चूक जाणून उपयोग शून्य.

दुसरी, किती चूक चालेल. हा आकडा तुमच्या कामातून येतो, उपकरणाच्या माहितीपत्रकातून नाही. अर्ध्या अंशाने काही बिघडत नसेल तर शतांश अंशाच्या मागे लागू नका.

तिसरी, कशाशी ताडणार. प्रमाण हे तपासायच्या उपकरणापेक्षा पुरेसं सरस हवं. निदान चौपट सरस असावं, हा जुना ठोकताळा अजून कामाला येतो. शिवाय त्या प्रमाणाचंही कॅलिब्रेशन झालेलं हवं, त्याच्या प्रमाणाचंही, आणि ही साखळी कुठेही न तुटता थेट एककाच्या व्याख्येपर्यंत पोचायला हवी. याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. वस्तुमानाची साखळी २० मे २०१९ पर्यंत फ्रान्समधल्या सेव्हर इथल्या एका धातूच्या दंडगोलापाशी संपत असे. आता किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते. तुमच्या वजनपेटीला याने काही फरक पडला नाही. साखळीचं वरचं टोक मात्र हलवून दुसऱ्या खुंटीला बांधलं गेलं.

दोन सारख्याच स्वस्त थर्मामीटरचे आकडे जुळले म्हणून दोन्ही बरोबर, असं समजणं हा अगदी नेहमीचा घोटाळा. एकाच गिरणीचं पीठ चुकीचं दळलं गेलं असेल तर दोन्ही भाकऱ्या सारख्याच बिघडतात.

एक थर्मामीटर, पहिल्यापासून शेवटपर्यंत

थर्मामीटरपासून सुरुवात करायला सांगतो, कारण निसर्गाने त्यासाठी एक प्रमाण जवळजवळ फुकट दिलेलं आहे: वितळणारा बर्फ. नीट जमवला तर त्याचं तापमान ० अंश सेल्सिअसपासून शतांश अंशाच्या आतच राहतं. ‘नीट जमवला तर’ हे शब्द मात्र विसरू नका.

१. ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाण्याचाच बर्फ करा. मीठ किंवा क्षार मिसळले की वितळणबिंदू खाली उतरतो.

२. बर्फ बारीक ठेचा. खडे राहिले की त्यांच्यामधल्या पाण्याचं तापमान मनाला येईल तसं असतं. बर्फाचा चुरा पांढरा न दिसता ओलसर, किंचित पारदर्शक दिसायला लागला की समजायचं जमलं. कोरडा पांढरा चुरा शून्याच्या खाली असू शकतो.

३. थर्मासमध्ये हा चुरा दाबून भरा आणि वरून आधीच थंड केलेलं डिस्टिल्ड पाणी फटी भरतील एवढंच घाला. जास्त झालेलं पाणी काढून टाका. इथेच बहुतेकांचं चुकतं. पाणी जास्त झालं की बर्फ वर तरंगतो, तळाशी नुसतं पाणी उरतं. पाण्याची घनता सर्वांत जास्त असते ती ४ अंशांच्या आसपास, म्हणून कोमट झालेलं पाणी वर न येता तळाशी जाऊन बसतं. तुमच्या थर्मामीटरचं टोकही नेमकं तिथेच असतं. बर्फ तळापर्यंत हवा. मीही पहिल्यांदा पेल्यात बर्फाचे चार खडे टाकून थर्मामीटर बुडवला होता, आकडा १.८ वर थांबला आणि मी उपकरणाला नावं ठेवत बसलो होतो.

४. पंधरा मिनिटं थांबा. भांडं आणि बर्फ एका तापमानाला येऊ द्या.

५. प्रोब, म्हणजे थर्मामीटरचा बुडवायचा दांडा, मधोमध घाला, भिंतींना आणि तळाला न टेकवता. किती खोल? संवेदक टोकाशी असतो, पण दांड्यातून बाहेरची उष्णता आत झिरपते. दांड्याच्या जाडीच्या निदान दहापट, आणि वर संवेदकाची लांबी, एवढं बुडवायचं. शंका आली तर दोन सेंटिमीटर वर ओढून पाहा. आकडा हलला, तर आधीचं बुडवणं पुरेसं नव्हतं.

६. आकडा स्थिर होऊ द्या, मग मिनिटामिनिटाने पाच वाचनं लिहून घ्या. जे दिसेल तेच लिहा. ०.३, ०.३, ०.४, ०.३, ०.३ असं आलं तर तो ०.४ ‘चुकून आला असेल’ म्हणून गाळू नका.

७. प्रोब बाहेर काढा, पुसा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि सगळं पुन्हा करा.

एक बिंदू झाला. दुसरा बिंदू म्हणून लोकांना उकळतं पाणी सुचतं. चालेल, पण त्यात एक मेख आहे. पाणी १०० अंशांना उकळतं ते हवेचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल असेल तेव्हा, आणि आजच्या तापमानमापनश्रेणीवर तर तेव्हाही ९९.९७ अंशांना. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की उत्कलनबिंदू सुमारे ०.०२८ अंशाने उतरतो. समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर पाणी ९७ अंशांच्याही किंचित खालीच उकळायला लागतं. म्हणून त्या क्षणाचा, त्या जागेचा दाब हवा. हवामानाच्या बातम्यांत सांगतात तो दाब समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. तो वापरलात तर उंचावर राहणाऱ्याचा हिशोब काही अंशांनी कोलमडतो. आणि प्रोब पाण्यात न बुडवता वरच्या वाफेत धरायचा. उकळणारं पाणी स्वतः थोडं जास्त तापलेलं असू शकतं, वाफ त्या मानाने प्रामाणिक असते.

मधल्या बिंदूंसाठी निसर्गाचं प्रमाण हाताशी नसतं. तिथे ढवळणी असलेलं पाण्याचं बाथ आणि कॅलिब्रेशन झालेला संदर्भ थर्मामीटर लागतो. दोन्हींची टोकं एकाच खोलीवर, शक्य तितकी जवळ ठेवा. बाथ २५, ५०, ७५ अंशांवर स्थिर करत चढत जा, आणि जमलं तर उतरतानाही वाचनं घ्या. चढताना एक आणि उतरताना वेगळा आकडा आला तर घाईने सरासरी काढू नका. बहुतेक वेळा तुम्ही पुरेसं थांबलेले नसता.

आकडे मांडताना

माझ्या टेबलावरच्या थर्मामीटरची नोंद अशी आहे. संदर्भ ०.०० असताना हा ०.३ दाखवतो, २५.०० ला २५.४, ५०.०० ला ५०.६, ७५.०० ला ७५.९.

चूक म्हणजे दाखवलेला आकडा वजा खरा आकडा. ५० ला चूक +०.६. दुरुस्ती तिच्या उलट चिन्हाची, म्हणजे −०.६. चिन्हांचा हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की कोणताही तक्ता हातात आला की मी आधी त्यात ‘चूक’ लिहिलंय की ‘दुरुस्ती’ हे बघतो. उलट चिन्ह लावलं की ०.६ ची चूक जाण्याऐवजी १.२ होते.

या थर्मामीटरने ६०.० दाखवले तर? ५० जवळ चूक ०.६ आणि ७५ जवळ ०.९ आहे, मधे ती सरळ रेषेत वाढते असं धरलं तर ६० जवळ सुमारे ०.७. म्हणून खरं तापमान ५९.३. शब्दसंग्रहातला दुसरा टप्पा म्हणतात तो हाच: उपकरणाच्या आकड्यावरून खऱ्या मापापर्यंत यायची वाट.

आता हे ५९.३ किती पक्कं? इथे अनिश्चितता येते. माझ्या बाबतीत हिशोब असा होता. संदर्भ थर्मामीटरच्या प्रमाणपत्रावर ०.०५ अंश लिहिलेले, के = २ धरून, म्हणजे मूळ (‘प्रमाणित’) अनिश्चितता दुप्पट करून; म्हणून प्रमाणित अनिश्चितता त्याच्या निम्मी, ०.०२५. माझा थर्मामीटर दशांशच दाखवतो, म्हणजे खरा आकडा दोन्ही बाजूंना ०.०५ च्या आत कुठेही असू शकतो, ०.०५ ला ३ च्या वर्गमुळाने भागून ०.०२९. बाथमध्ये जागोजागी तापमान ०.०५ ने इकडेतिकडे होतं, त्याचेही ०.०२९. पुन्हापुन्हा घेतलेल्या वाचनांतला विस्कळीतपणा ०.०३. या चारांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: सुमारे ०.०५७. त्याची दुप्पट ०.११. म्हणजे कॅलिब्रेशनच्या आकड्यांवर ±०.११ अंशांची अनिश्चितता, सुमारे ९५ टक्के खात्रीने.

चूक आणि अनिश्चितता एकच नव्हेत, एवढं इथे धरून ठेवा. चूक ०.६ आहे, ती कळली, वजा केली, गेली. अनिश्चितता ०.११ आहे, ती वजा करता येत नाही.

वजनकाटा: बटण दाबलं म्हणजे झालं?

इलेक्ट्रॉनिक काट्यावर ‘कॅल’ असं बटण असतं. ते दाबलं की काटा वजन मागतो किंवा आतलं वजन स्वतःच उचलतो आणि मग शांत होतो. हे कॅलिब्रेशन नाही, समायोजन आहे. बटणावर काय छापलंय याने अर्थ बदलत नाही. बटण दाबायच्या आधी काटा किती चुकत होता हे त्या बटणाने तुम्हाला सांगितलं का? नाही. म्हणजे चूक पुसली गेली, पण नोंदली गेली नाही.

समायोजनाची गरज मात्र खरी आहे. हा काटा मोजतो ते बल आणि दाखवतो ते वस्तुमान. मधे गुरुत्वाकर्षण येतं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं: विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवावर ९.८३२ मीटर प्रतिसेकंद वर्ग. इतकं लांब जायलाही नको. २०० ग्रॅमचं वजन ठेवलेला काटा दहा मीटर वरच्या मजल्यावर नेला तर तो सुमारे ०.६ मिलिग्रॅम कमी दाखवतो. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून काट्याचं कॅलिब्रेशन तो जिथे वापरायचा तिथेच करतात. गाडीत घालून लॅबमध्ये नेऊन आणलेल्या काट्याच्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ उरत नाही.

क्रम असा ठेवा. काट्यावरच्या पाणसळीतला बुडबुडा मधे आणून काटा सपाट करा. माहितीपत्रकात सांगितलेला वेळ तो चालू ठेवा. साध्याला अर्धा तास पुरतो, सूक्ष्म काट्याला रात्रभरही ठेवतात. वजनं काट्याशेजारी ठेवून एका तापमानाला येऊ द्या. गरम वजनाभोवती हवा वर चढते आणि वजन हलकं भासतं. त्यांना बोटं लावू नका, चिमट्याने उचला. सुरुवातीला जवळपास पूर्ण भार दोनतीन वेळा ठेवून उचला, म्हणजे काट्याचं अंग मोकळं होतं.

मग तीन चाचण्या. एकच वजन दहा वेळा ठेवा-उचला आणि आकडे किती पसरतात ते पाहा. नंतर कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश वजन ताटलीच्या मधे आणि चारही कडांजवळ ठेवून आकडा बदलतो का ते पाहा. ही चाचणी लोक सर्रास गाळतात आणि बिघडलेला काटा बहुधा पहिल्यांदा इथेच पकडला जातो. शेवटी शून्यापासून कमाल क्षमतेपर्यंत पाच-सहा बिंदूंवर चढत आणि उतरत वाचनं.

वजनं कोणत्या दर्जाची? ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आर १११ या शिफारशीत ई१, ई२, एफ१, एफ२, एम१ असे वर्ग दिलेले आहेत. २०० ग्रॅमच्या वजनाला ई२ मध्ये ०.३ मिलिग्रॅम, एफ१ मध्ये १.०, एफ२ मध्ये ३.० आणि एम१ मध्ये १० मिलिग्रॅम चूक चालते. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा एम१ च्या वजनाने तपासणं म्हणजे सुतळीने केसाची जाडी मोजणं.

मायक्रोमीटर आणि पीएच मीटर, थोडक्यात

मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं उपकरण, गेज ब्लॉक (लांबी अचूक ठाऊक असलेले ठोकळे) लावून तपासतात. इथे एक सुंदर बारकावा आहे. ५, १०, १५, २० असे पूर्ण मिलिमीटर घेतले तर एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकणाऱ्या आट्यामुळे दर वेळी स्क्रू एकाच कोनात थांबतो आणि एका फेऱ्यातली चूक लपून राहते. म्हणून २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८, २५ अशी चमत्कारिक दिसणारी मापं घेतात. ५.१ ला स्क्रू पाचव्या हिश्शाने पुढे, ७.७ ला दोन पंचमांशांनी, असं करत पूर्ण फेरा तपासून होतो. बाकी शत्रू एकच, उष्णता. लांबीच्या मापांचं संदर्भ तापमान २० अंश आहे. १०० मिलिमीटरचा पोलादी ब्लॉक ५ अंशांनी तापला की जवळपास ०.००६ मिलिमीटरने लांबतो. हातात धरून गप्पा मारू नका.

पीएच मीटरच्या बाबतीत सगळं जग ‘कॅलिब्रेट करा’ म्हणतं आणि करतं समायोजन. तिथे शब्दावरून भांडण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रोड रोज बदलतो, त्यामुळे वापरापूर्वी बफरवर, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणावर, लावून घ्यावाच लागतो. आधी ७.०० चा बफर, मग नमुना ज्या बाजूचा त्या बाजूचा, ४.०१ किंवा १०.०१. मधे डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिपकागदाने पाणी टिपा, घासू नका. हे आकडे २५ अंशांचे आहेत. २० अंशांना १०.०१ चा बफर १०.०६ असतो. आणि १० चा बफर उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरतो, तेव्हा वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही. शेवटी स्लोप, म्हणजे एका पीएचमागे इलेक्ट्रोडचा व्होल्टेज किती बदलतो तो उतार, बघा. आदर्श उतार २५ अंशांना एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट. मीटर ९५ ते १०५ टक्के दाखवत असेल तर ठीक. हा टक्का रोज लिहून ठेवा. हेच तुमचं खरं कॅलिब्रेशन-रेकॉर्ड. तो आठवड्यागणिक उतरायला लागला की इलेक्ट्रोड म्हातारा होतोय.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

बाहेरून कॅलिब्रेशन करून घेतलं तर आयएसओ/आयईसी १७०२५ (अशा लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) नुसार मान्यता असलेली लॅब शोधा, आणि मान्यता तुमच्या मापाला व टप्प्याला आहे ना, तेही पाहा. एखाद्या लॅबला लांबीसाठी मान्यता असली म्हणून तापमानासाठी असेलच असं नाही.

प्रमाणपत्रात पाहायचं ते हे: उपकरणाचा क्रमांक जुळतो का, प्रत्येक बिंदूला प्रमाणाची किंमत, उपकरणाचं वाचन आणि अनिश्चितता तिन्ही आहेत का, ट्रेसेबिलिटीचा उल्लेख आहे का, आणि समायोजन केलं असेल तर आधीची आणि नंतरची दोन्ही वाचनं आहेत का. या क्षेत्रातले लोक त्यांना ‘अ‍ॅज फाउंड’ आणि ‘अ‍ॅज लेफ्ट’ म्हणतात.

ही शेवटची गोष्ट मी पोळल्यावर शिकलो. एकदा एका लॅबकडून दाबमापक परत आला, सगळ्या बिंदूंवर चूक जवळपास शून्य. मी खूश. मग लक्षात आलं, यांनी आधी तो जुळवून घेतला आणि नंतर वाचनं घेतली. गेलं वर्षभर तो किती चुकत होता, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. तेव्हापासून मी पाठवणीच्या कागदावर ठळक लिहितो: ‘समायोजनापूर्वीची वाचनं हवीत. न विचारता समायोजन करू नये.’

दुसरी चूक माझी स्वतःची. थर्मामीटरचं पहिलं प्रमाणपत्र आलं, मी ते फाइलमध्ये लावलं, लेबल चिकटवलं आणि पुढे सहा महिने दुरुस्ती न लावताच आकडे लिहीत राहिलो. आता दुरुस्तीची छोटी चिठ्ठी थर्मामीटरच्या पट्ट्यालाच अडकवलेली असते.

वाक्यात वापरताना

‘काटा कॅलिब्रेट केला, चूक +०.२ ग्रॅम आली’ हे बरोबर. ‘काटा कॅलिब्रेट करून चूक काढून टाकली’ इथे दोन कामं एका शब्दात कोंबली आहेत. ‘कॅलिब्रेशन करून काटा समायोजित केला आणि पुन्हा कॅलिब्रेशन केलं’ असं लिहा. लांबलचक आहे, पण प्रत्यक्षातही तीनच कामं झालेली असतात. समायोजनानंतर जुनी वाचनं बाद होतात, म्हणून तिसरं टाळता येत नाही.

फोनमधलं होकायंत्र आठच्या आकड्यात फिरवून ‘कॅलिब्रेट’ करा म्हणतात, तेही समायोजन. याउलट कार्बन-१४ ची वयं वृक्षवलयांशी ताडून कॅलेंडरच्या वर्षांत बदलतात, ते अस्सल कॅलिब्रेशन. तिथे निसर्गाचं घड्याळ कुणी लावू शकत नाही, ते कुठे किती चुकतं एवढंच शोधता येतं.

पुन्हा कधी?

‘वर्षातून एकदा’ हे उत्तर सवयीचं आहे, नियमाचं नाही. १७०२५ प्रमाणे तर ग्राहकाशी ठरलेलं नसेल तेव्हा लॅबने प्रमाणपत्रावर पुढची तारीख सुचवायचीसुद्धा नाही. तारीख तुम्ही ठरवायची, तीही मागच्या नोंदींवरून. दोनतीन कॅलिब्रेशनांत चूक जागची हलली नाही तर मुदत वाढवा. सरकत चालली असेल तर कमी करा. उपकरण पडलं, दुरुस्त झालं किंवा भलतंच तापलं तर तारखेची वाट बघू नका. अधूनमधून स्वतः एखादा बिंदू तपासत राहा. थर्मामीटरला दर महिन्याला बर्फ पुरतो. माझा ०.३ दाखवतो तोवर सगळं ठीक. तो एखाद्या दिवशी ०.० दाखवायला लागला तर मी घाबरेन.

आणि चूक मर्यादेबाहेर गेलेली सापडली, तर उपकरणाला लाल लेबल लावून बाजूला ठेवल्याने काम निम्मंच होतं. मागच्या वेळी ते ठीक असल्याची जी शेवटची नोंद आहे, तिथपासून आजपर्यंत त्याने काय काय मोजलं ते वहीत शोधा, प्रत्येक आकड्यातून ती चूक वजा करून पाहा, आणि ज्या ज्या निर्णयाचं उत्तर त्यामुळे बदलतं त्याच्यासमोर खूण करा. त्या खुणा घेऊन ज्यांना ज्यांना फोन करावे लागतील, ते त्याच दिवशी करा.